पाव फेऱ्याचा हिशेब

सिस्टर,

डिस्चार्जच्या दिवशी तुम्ही हातात ठेवलेला, लेकीच्या पायावरच्या रिंगांचे नट फिरवायचा पाना अजून आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहे. आभार मानायला उशीर झाला, माफ करा.

लहानपणी गुडघ्याजवळच्या हाडात जंतुसंसर्ग झाल्यामुळे लेकीचा पाय चार सेंटीमीटर आखूड राहिला होता. पाय लांब करायच्या ऑपरेशनच्या रात्री तिच्या नडगीवरच्या रिंगा आणि आरपार गेलेल्या तारा बघून मी कॉटशेजारी रडत बसले होते. हाड कापलंय, आता फट पाडणार, ती भरणार कशानं? सलाईन बदलता बदलता तुम्ही थांबलात. "कापलंय ते वरचं कठीण कवच. हाडावरचा पापुद्रा आणि रक्तपुरवठा जपलाय. मोडलेलं हाड जुळताना जसं कोवळं हाड धरतं, तसंच इथे धरेल. ते घट्ट व्हायच्या आत आपण टोकं हळूहळू दूर न्यायची. ताण मिळत राहिला की शरीर हाड घालत राहतं." त्या रात्री मी पहिल्यांदा जेवले.

सात दिवस रिंगांमधलं अंतर वाढवणाऱ्या नटला हात लावायचा नव्हता. मग दिवसातून चार वेळा पाव फेरा, म्हणजे दर वेळी पाव मिलिमीटर. एका दुपारचा फेरा चुकला, तेव्हा संध्याकाळी दोन एकदम द्यावेत म्हणून मी फोन केला. तुम्ही ठामपणे नाही म्हणालात. ही पद्धत शोधणाऱ्या, सायबेरियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हा वेग ठरवला, हे मी नंतर वाचलं. दिवसाला अर्धा मिलिमीटर ताणलं तर हाड वेळेआधीच जुळू लागे, दोन ताणलं तर नीट धरत नसे. तुमच्या त्या 'नाही'ची किंमत मला तेव्हा कळली.

चौथ्या आठवड्यातला एक्स-रे तुम्हीच खिडकीशी धरून दाखवलात. आधी नुसती काळी असलेली फट आता दोन्ही टोकांकडून पांढुरक्या उभ्या धाग्यांनी भरत होती, मधे एक धूसर पट्टी. "ही पट्टी म्हणजे वाढ चालू असलेली जागा," तुम्ही म्हणालात. लेकीने काचेवर बोट ठेवून ती पट्टी मोजली.

चाळीस दिवसांत ताणणं संपलं, पण हाड पक्कं व्हायला रिंगा आणखी पाच महिने राहिल्या. एका तारेपाशी पू झाला, पोटरी आखडून पाऊल खाली झुकायला लागलं. दोन्ही वेळा तुम्ही फोन उचललात.

आता ती उंच सोलची चप्पल घालत नाही. वॉर्डात पुढच्या आईच्या हातात पाना द्याल, तेव्हा मला बोलवा. पहिला फेरा देताना मी तिच्याजवळ बसेन.