‘बळी तो कान पिळी’ म्हणजे नैसर्गिक निवड नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातील शेतीविषयक लेख मी काल दोनदा वाचला. रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून आज सकाळीच हे पत्र लिहायला बसलो आहे. लेखकांचे म्हणणे असे की निसर्गात सक्षम तेवढे टिकतात आणि दुर्बळ गळून पडतात, समाजालाही हाच नियम लागू आहे, आणि म्हणून पाच-सात एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला मदत देऊन शेतीत धरून ठेवणे म्हणजे डार्विनने सांगितलेल्या नियमाच्या विरुद्ध जाणे होय. मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले, २०१९ मध्ये निवृत्त झालो आणि घरची पाच एकर कोरडवाहू शेती तेव्हाही करत होतो, आजही करतो. लेखात ज्याला गळून पडायला सांगितले आहे तो शेतकरी मी आहे आणि ज्या सिद्धांताच्या नावाने सांगितले आहे तो फळ्यावर शिकवणारा शिक्षकही मीच आहे. या दोन्ही नात्यांनी मला बोलणे भाग आहे.

‘सक्षम तोच टिकेल’ हे शब्द मुळात डार्विनचे नाहीत. इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांनी ते १८६४ मध्ये वापरले आणि नैसर्गिक निवडीची कल्पना स्वतंत्रपणे मांडणारे निसर्गअभ्यासक वॉलेस यांच्या सूचनेवरून डार्विनने ते आपल्या ग्रंथाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतले. त्यातील ‘सक्षम’चा अर्थ बळकट, हुशार किंवा लायक असा होत नाही. त्या जागी, त्या वेळी, त्या परिस्थितीत ज्याची संतती जास्त उरते तो सक्षम, एवढाच तो अर्थ आहे, आणि परिस्थिती पालटली की कालच्या सक्षमाच्या अंगात काहीही उणे झालेले नसताना तो आज नाहीसा होऊ शकतो. ‘बळी तो कान पिळी’ ही आपली म्हण माणसांच्या वागणुकीविषयी आहे आणि ती म्हणणाऱ्याच्या मनात त्या वागणुकीबद्दल चीड असते. लेखकांनी ती चीड काढून टाकली आणि उरलेले डार्विनच्या तोंडी घातले.

नैसर्गिक निवड कशी होते हे मी वर्गात डीडीटी या कीटकनाशकाला दाद न देणाऱ्या डासांचे उदाहरण देऊन वर्षानुवर्षे शिकवले, परंतु ती प्रत्यक्ष पाहिली ती २०१७ च्या दिवाळीनंतर, माझ्याच वावरात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीच्या वर गेली होती, पाने काळीभोर हिरवी होती, आणि धुऱ्यावरून पाहणाऱ्या कोणालाही वाटले असते की यंदा पीक जोरात आहे. माझ्या पत्नीने एक हिरवे, टणक बोंड तोडून फोडले. बाहेरून त्याला कोठेही छिद्र दिसत नव्हते. आत एका कप्प्यात बोटाच्या अर्ध्या पेराएवढी गुलाबी अळी सरकीत तोंड घालून बसलेली होती आणि तिच्याभोवतीची रुई पिवळट ओली झाली होती. तिथेच दुपट्टा अंथरून आम्ही वीस बोंडे फोडली. त्यांतील चौदांत अळी निघाली. पुढे वेचणीला येणाऱ्या बाया नेहमीच्या दराने यायला तयार होईनात, आणि त्यांचे काही चुकले नव्हते, कारण अर्धवट उमललेल्या बोंडातून कवडी, म्हणजे आत चिकटून बसलेली खराब रुई, ओढून काढताना बोटे सोलवटतात आणि दिवसाकाठी वजन निम्मेही भरत नाही. आदल्या वर्षी पाच एकरांत ३८ क्विंटल कापूस झाला होता, त्या वर्षी १३ झाला, आणि त्यातलाही बराच व्यापाऱ्याने बाजूला काढून कवडीच्या भावाने घेतला.

त्या वर्षी आमच्या भागात सर्वांत सक्षम प्राणी कोणता होता, तर ती अळी. बीटी कपाशीत मातीतल्या जिवाणूचे जनुक घातलेले असते, त्यामुळे झाडातच अळीला मारणारे विष तयार होते. आपल्याकडे हे वाण २००२ मध्ये आले, दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले, आणि सुरुवातीची वर्षे खरोखर चांगली गेली, हेही मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण असंख्य अळ्यांत एखादी जन्मतःच अशी असते की तिला ते विष बाधत नाही. एरवी तिला त्याचा काही लाभ नसतो. गावोगाव, शिवारोशिवार एकच विष पेरले की मात्र बाकीच्या मरतात आणि तिचाच वंश वाढतो. ती अधिक बळकट नव्हती आणि तिने कसले कष्टही घेतले नव्हते. सभोवारची परिस्थिती तिच्या सोयीची झाली, आणि ती तशी आपण केली. गुजरातेत पहिल्या वाणाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आढळल्याचे २०१० मध्येच जाहीर झाले होते. २०१५ मध्ये तिथे दुसऱ्या वाणावरही तिने धुमाकूळ घातला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी ती विदर्भात आमच्या बोंडांत बसलेली होती.

यावर उपाय पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या, बिगर-बीटी सरकीचे छोटे पाकीट येत असे. ती सरकी कडेने पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांतील जे जास्त असेल तेवढ्या जागेत लावायची होती. त्या ओळींत साध्या अळ्या जगतात, त्यांच्या पतंगांचा विष पचवणाऱ्या पतंगांशी संकर होतो, आणि होणारी पिल्ले बहुतांशी पुन्हा विषाने मरणारी निघतात. म्हणजे निवडीचा जोर आपल्या हाताने कमी करण्याची ही युक्ती होती. मी पहिल्यांदा बीटी घेतली तेव्हा कृषी केंद्रवाल्याने ते छोटे पाकीट हातात देताना सांगितले, “हे वजन भरायला असते मास्तर, फेकून दिले तरी चालेल.” पाकिटावरची बारीक अक्षरातली सूचना मराठीत नव्हती. एका वर्षी मी ती सरकी लावलीही, पण शंभरात तीस रोपेही उगवली नाहीत, आणि वीस टक्के जमीन रिकामी ठेवणे पाच एकरवाल्याला परवडत नाही, म्हणून पुढल्या वर्षांपासून ती पाकिटे घरातल्या फळीवर साठत गेली. वर्गात निवडीचा सिद्धांत शिकवणाऱ्या माणसाला घरातल्या फळीवर काय पडले आहे हे कळू नये, ही चूक माझी आहे आणि मी ती मान्य करतो. परंतु गावात सांगायला एकही माणूस कधी आला नाही, हेही तितकेच खरे आहे.

नुकसानीची तक्रार करायला जो फॉर्म भरायचा होता, त्याला बियाण्याचे पक्के बिल आणि पाकिटावरचे लेबल जोडायचे होते. पेरणीच्या गर्दीत मला साध्या कागदावर आकडा लिहून दिला होता, आणि पक्के बिल मागितले तेव्हा “मग या भावात मिळणार नाही” असे उत्तर मिळाले होते. मी तालुक्याच्या कार्यालयात तीन दिवस रांगेत उभा राहिलो आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून फॉर्म परत आला. ज्याच्याकडे बिल त्याची तक्रार घेतली गेली आणि ज्याच्याकडे नाही त्याचे नुकसान झालेच नाही असे ठरले. हीसुद्धा निवडच होती, आणि त्या निवडीत निसर्गाचा काय संबंध होता हे लेखकांनी मला समजावून सांगावे.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात हीच अळी होती आणि बीटी कपाशीही १९९६ पासून होती. तिथल्या शेतकऱ्यांनी साध्या कपाशीच्या ओळी नेटाने पाळल्या, २००६ पासून विमानातून वांझ पतंग सोडण्यात आले, आणि २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्याने कापूस पिकवणाऱ्या प्रदेशातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. आपल्याकडे त्याच काळात संकरित वाणेच पेरली गेली, कारण बियाणे कंपन्यांना तीच सोयीची होती, संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरकीत विष असते आणि काही सरकीत नसते, त्यामुळे अळीला अर्धीमुर्धी मात्रा मिळून विष पचवणारा वंश आणखी लवकर तयार होतो. त्यात ही वाणे सहा महिन्यांहून अधिक काळ वावरात उभी राहतात, ज्याच्याकडे पाणी आहे तो फरदड, म्हणजे तेच पीक हंगामानंतरही राखून दुसरा बहार, घेतो, आणि अळीला उन्हाळ्यापर्यंत खाण्याची ददात राहत नाही. किडा तोच, जनुक तेच, निसर्गाचा नियमही तोच. मग एका देशात अळी संपली आणि दुसऱ्या देशात शेतकरी संपत आला, याचा निकाल डार्विनवर कसा ढकलता येईल?

त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. आमच्या गावातला एक तरुण मजूर पंधरा दिवस दवाखान्यात होता. वाचला, पण डोळ्यांना अजून धूसर दिसते. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत अंगावर फवारा घेत तो पाठीवर पंप घेऊन चालला होता, दुसऱ्याच्या वावरात, रोजाने. त्याला दुर्बळ म्हणायची ज्यांची तयारी आहे त्यांनी तो पंप तासभर पाठीवर घ्यावा, मग लिहावे.

निवडीचा विषय निघालाच आहे, तर माणूस स्वतः करतो त्या निवडीबद्दलही लिहितो, कारण डार्विननेही १८५९ मध्ये आपल्या मांडणीची सुरुवात माणसाने पाळलेल्या जनावरांपासून आणि लावलेल्या पिकांपासून केली होती. माझी आई दुसऱ्या वेचणीच्या आधी वावरात फिरून चांगल्या झाडांना जुन्या लुगड्याची चिंधी बांधत असे, त्या झाडांची बोंडे वेगळी वेचत असे आणि तीच सरकी पुढल्या पेरणीला शेणात घोळून काढत असे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानाच्या बांधीत तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या पाहिल्या, त्यांचे बी जपून वर्षानुवर्षे निवडत नेले आणि त्यातून एचएमटी हे वाण तयार झाले, ज्याचा भात आज या पत्राचे वाचक घरोघरी खात असतील. त्यांच्याकडे दीड एकर जमीन होती. आपल्या अंकातील लेखाचा हिशेब लावला तर दीड एकरवाला कधीच गळून पडायला हवा होता, मग त्या तीन लोंब्या पाहायला कोण थांबले असते? २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला खरा, पण त्या वाणाच्या श्रेयासाठी ते आयुष्यभर झगडले आणि जून २०१८ मध्ये गेले, तेव्हाही त्यांची स्थिती गरिबीचीच होती.

आता एक तक्रार आपल्याकडेच. त्या लेखासोबत आपण वाकलेल्या माकडापासून ताठ चालणाऱ्या माणसापर्यंत एका रांगेत चाललेल्या आकृत्यांचे चित्र छापले आहे. उत्क्रांती अशी रांगेने होत नाही. आजचे माकड पायरी चढून माणूस झालेले नाही. दोघांचे पूर्वज फार मागे कोठेतरी एक होते आणि फांद्या वेगळ्या फुटत गेल्या. या एका चित्रामुळे मुलांच्या मनात पुढचा श्रेष्ठ आणि मागचा कनिष्ठ अशी कल्पना बसते, आणि त्याच कल्पनेतून रविवारच्या लेखासारखे लेख लिहिले जातात. राष्ट्रीय पातळीवर दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला तेव्हा २०२३ मध्ये १८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी पत्र काढून निषेध केला होता. आपल्या राज्य मंडळाच्या, माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या भाग दोनच्या पुस्तकात मात्र आनुवंशिकता व उत्क्रांती हा पहिलाच धडा होता आणि तो शिकवताना मी हे चित्र फळ्यावर काढून त्यावर फुली मारत असे. तीच मुले आज आपला अंक वाचतात. पुढल्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकारात फांद्या फुटलेल्या झाडाचे चित्र छापावे आणि आधीचे चित्र चुकीचे होते असे खाली दोन ओळींत लिहावे, एवढी माझी मागणी आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक व कापूस उत्पादक,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ