सर कारगिलमध्ये नव्हते

प्रति,
संपादक

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर आमच्या सरांच्या निधनाची बातमी आली. सात ओळींची बातमी आणि त्यात चार चुका. सर असते तर कात्रणावर लाल शाईने गोल करून त्यांनी ते पोस्टाने तुम्हाला परत पाठवलं असतं. आता ते नाहीत, म्हणून हे काम मी अंगावर घेते आहे. त्यांचं नाव मात्र या पत्रात लिहीत नाही. चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स बघूनच काकू पुरेशा वैतागल्या आहेत. त्यावर सरांना 'मेजर' केलंय, आणि तुमच्या बातमीदाराने बहुधा तिथूनच ते उचललं. सर हवालदार होते. हवालदार म्हणूनच निवृत्त झाले आणि ते सांगताना त्यांना कधी संकोच वाटला नाही.

दुसरी चूक मोठी आहे. 'कारगिल युद्धात शत्रूशी झुंजलेले', असं तुम्ही छापलंत. कारगिल १९९९ सालचं. सर पंधरा वर्षांची नोकरी पुरी करून १९८२ मध्येच पेन्शनीत आले, मग डी. एड. केलं आणि १९८४ पासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवू लागले. कारगिलच्या त्या उन्हाळ्यात ते शाळेच्या पत्र्यावर चढून गळती शोधत होते, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

त्यांनी पाहिलं ते १९७१चं युद्ध, पश्चिम आघाडीवर. तिथेही 'झुंजले' हा शब्द त्यांना चालला नसता. ते सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन दलात होते, जबलपूरला शिकून तयार झालेले. खंदकात वायरलेसचा सेट, कानाला हेडफोन आणि हातात पेन्सिल. "मी एकही गोळी झाडली नाही. मी लिहून घेत होतो," म्हणायचे. एका पंधरा ऑगस्टला हेडमास्तरांनी फार आग्रह केला म्हणून ते बोलायला उभे राहिले. म्हणाले, "एका रात्री एका चौकीचा आवाज बंद झाला. मी दर दहा मिनिटांनी हाक मारत होतो." आम्ही कान टवकारून बसलेलो. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं, मग पुढे? "पुढे उजाडलं," म्हणाले आणि खाली बसले. युद्धाबद्दल सरांच्या तोंडून मी ऐकलं ते एवढंच.

बाकी सगळं त्यांनी आम्हाला न सांगता शिकवलं. सहावीत आमचा कानगोष्टींचा खेळ व्हायचा, पण सरांच्या पद्धतीचा. पहिल्या मुलाला चिठ्ठी दाखवायची, चाळीस कानांतून निरोप जाऊ द्यायचा, आणि शेवटच्याने फळ्यावर लिहायचं. 'गुरुवारी दोन वाजता विहिरीचं पाणी तपासायला माणूस येणार' याचं एकदा 'गुरुवारी दोन माणसं विहिरीत पडणार' झालं होतं. आम्ही हसून लोळलो, सर मात्र हसले नाहीत. कुठल्या बाकावर 'वाजता' गळलं ते शोधायला त्यांनी अख्खा तास घालवला. (तो बाक माझा होता.)

आणि 'हो सर' म्हणून कुणाची सुटका नव्हती. "हो म्हणजे काय? मिळालं, समजलं, की करणार?" वायरलेसवर 'रॉजर' म्हणजे निरोप मिळाला, इतकंच. त्याप्रमाणे करतो म्हणायचं असेल तर 'विल्को' हा वेगळा शब्द. ते म्हणायचे, की निम्मी भांडणं या दोन शब्दांची गल्लत झाल्यानेच होतात. वहीवर 'छान' असा शेरा कधी मिळाला नाही. फार खूश झाले तर 'चौकस' लिहायचे. सिग्नल्सचं ब्रीदवाक्य 'तीव्र चौकस' आहे, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

मी सहावीत असतानाच किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला थोडा अवकाश होता, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. सर तिसऱ्या दिवशी तिकडे गेले आणि पंधरा दिवसांनी परत आले. ढिगारे उपसायला माणसं पुष्कळ होती, म्हणून त्यांनी टेबल मांडलं आणि याद्या केल्या. कोण जिवंत, कोण कुठल्या दवाखान्यात, कुणाला कुणी शोधतंय. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पोस्टकार्डंही लिहून दिली. परत आल्यावर फळ्यावर घराचं चित्र काढून त्यांनी एकच गोष्ट समजावली: दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीच्या धाब्याचं ओझं, म्हणून झोपेतली माणसं उठू शकली नाहीत. मग भूमितीचा तास सुरू केला.

आता तिसरी चूक. मी स्वतः रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, त्यामुळे ही मला जास्तच लागली. 'शेकडो वेळा रक्तदान', असं तुम्ही म्हणता. पुरुषाने दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर ठेवायचं असतं. म्हणजे वर्षाला चारच्या वर नाही. सरांचा आकडा ७१ होता, तारखांसकट, त्यांच्या वहीत. पासष्टी झाली त्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या नावापुढे 'सेवा समाप्त' असं लिहून रेघ मारली.

खरं काम त्या रेघेनंतरचं आहे. वहीत पंचक्रोशीतल्या माणसांची नावं होती. रक्तगट, शेवटचं रक्तदान, फोन आणि एक शेरा: 'रात्री चालेल', 'सुई पाहू नये', 'बायकोला सांगून बोलवावे'. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या शिबिरांवर त्यांचा मनापासून राग. एका दिवशी दोनशे पिशव्या येतात, फोटो निघतात आणि आमच्या फ्रीजमध्ये जागा पुरत नाही. पण साधं रक्त ३५ दिवस टिकतं, लाल पेशी वेगळ्या करून द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस, त्याही सतत हलवत ठेवाव्या लागतात. म्हणजे ती शिबिराची गर्दी महिना-सव्वा महिन्यात संपते किंवा मुदत उलटून वाया जाते, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद असताना आम्ही नातेवाइकांसमोर हात जोडून उभे. सर एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यांना तोंडावर म्हणाले होते, "दोनशे जण एकदम नकोत. रोज पाच पाठवा, चाळीस दिवस. साहेबांचा वाढदिवस चाळीस दिवस चालेल, त्यांनाही बरं." ते काही घडलं नाही. मग सरांनी वहीच्या आधारे स्वतः सुरू केलं. मे महिन्यात दर दोन दिवसांनी चार-पाच जण घेऊन यायचे, एसटीने. कुणाला तीन महिने पुरे व्हायला चार दिवस कमी असतील तर त्याला बाहेरच्या बाकावर बसवायचे. "चार दिवसांनी काय फरक पडतो सर?" असं एकाने विचारलं, तर म्हणाले, "तुला नाही पडत. वहीला पडतो."

मी त्यांची विद्यार्थिनी, पण रक्तपेढीत मला कधी 'अगं' म्हणाले नाहीत. 'मॅडम, आज किती हव्यात?' असं विचारायचे. मी आकडा सांगितला की तो मला परत म्हणून दाखवायचे, मगच फोन ठेवायचे.

चौथी चूक अगदी छोटी. 'अवयवदान' नव्हे, नेत्रदान. त्या रात्री मी पोहोचले तेव्हा काकूंनी पंखा बंद केलेला होता, पापण्या मिटून वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवलेल्या होत्या, उशी उंच केलेली होती. नेत्रपेढीला फोनही झाला होता. सहा तासांच्या आत यावं लागतं, हे त्यांनी पथकाला दोनदा सांगितलं, आणि पलीकडच्या माणसाकडून ते वदवूनही घेतलं. मी दारात उभी राहून ऐकत होते. रडू त्यानंतर आलं.

वही आता माझ्याकडे आहे. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक तारीख चुकीची पडली आणि एका मुलाला वीस दिवस आधी बोलावलं. त्याला परत पाठवताना लाज वाटली.

तर दुरुस्ती अशी: हवालदार, मेजर नव्हे. १९७१, कारगिल नव्हे. ७१ वेळा, शेकडो नव्हे. नेत्रदान, अवयवदान नव्हे. बातमी आली होती त्याच पानावर, त्याच आकारात छापावी. तूर्त पत्र मिळालं एवढं कळवलंत तरी चालेल. छापणार असाल तर त्याला वेगळा शब्द आहे, तो वर दिलाच आहे.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)