नेरुळला सूर्य कुठे उगवतो

नेरुळ, नवी मुंबई

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

मागच्या खेपेला तुम्ही अकरा दिवस इथे राहिलात आणि निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा गॅलरीत उभे राहून म्हणाले, "इथे उजाडतं, पण सूर्य उगवत नाही." त्यात तक्रार नव्हती. एसटीच्या वाहतूक नियंत्रण कक्षात उभी हयात वेळेची नोंद करण्यात गेलेल्या माणसाने एक नोंद करावी, तसे ते वाक्य होते. मला मात्र ते फार लागले. सोलापुरात रोज गच्चीवर तांब्या घेऊन जाऊन सूर्याला अर्घ्य देणारे बाबा इथे अकरा दिवस समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे पाहत गॅलरीतल्या तुळशीत पाणी घालत होते आणि त्याबद्दल एका शब्दाने बोलले नव्हते. त्या दिवसापासून आजपर्यंत मी या शहरात सूर्य शोधते आहे. काय सापडले ते तुम्हा दोघांना नीट सांगावे आणि मग पुन्हा इथे येण्याचे आमंत्रण द्यावे, म्हणून हे पत्र.

आधी जमीन कशी आहे ते सांगते, कारण ते कळल्यावाचून बाकीचे उलगडत नाही. नवी मुंबई ही उत्तर-दक्षिण पसरलेली एक लांबट पट्टी आहे. तिच्या पूर्वेला पारसिकच्या डोंगराची रांग आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी. त्यामुळे सकाळचा सूर्य डोंगरामागून येतो, म्हणजे पंचांगातल्या वेळेपेक्षा उशिरा दिसतो, आणि संध्याकाळचा सूर्य मोकळ्या पाण्यावरून पलीकडच्या मुंबईकडे उतरतो. ठाण्यात नेमके उलटे आहे. तिथे पश्चिमेला येऊरचा डोंगर असल्याने उपवन तलावाच्या काठी उभे राहिले तर सूर्यास्ताच्या बराच आधी सूर्य झाडीत शिरतो, आणि सकाळी मात्र ठाणे पूर्वेच्या खाडीकाठावरून पलीकडे पारसिकच्या डोंगरामागून बिंब वर येताना दिसते. एका खाडीच्या दोन काठांवर राहणारी ही दोन शहरे आहेत, हे इतकी वर्षे इथे राहून माझ्या ध्यानात आले नव्हते. थोडक्यात, नेरुळकरांनी संध्याकाळ धरावी आणि ठाणेकरांनी सकाळ.

बाबा, वेळेचेही सांगते, म्हणजे तुमची वही तुम्हाला आधीच आखून ठेवता येईल. आपले घड्याळ, म्हणजे भारताची प्रमाणवेळ, ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि आम्ही ७३ अंशांजवळ राहतो. एका अंशाला ४ मिनिटे धरली तर इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३८ मिनिटे मागे चालतो. सोलापूर आमच्यापेक्षा जवळजवळ ३ अंश पूर्वेला असल्यामुळे तुमच्याकडे सूर्य आमच्याआधी १२ मिनिटांच्या आसपास उगवतो. जानेवारीच्या शेवटी इथला सूर्योदय सव्वासातच्या सुमाराला आणि सूर्यास्त साडेसहाच्या सुमाराला असतो. शिवाय सूर्य रोज एकाच जागी उगवत वा मावळत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण किती सरकतो ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले. डिसेंबरच्या शेवटी तो ठीक पूर्व-पश्चिम रेषेच्या दक्षिणेला सुमारे २५ अंश असतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. नेरुळच्या काठावरून हिवाळ्यात तो ट्रॉम्बेच्या डोंगराच्या अंगाला मावळतो आणि जूनमध्ये सरकत सरकत मानखुर्द-गोवंडीच्या इमारतींमागे जातो. म्हणून कोणी "ही जागा उत्तम आहे" असे सांगितले, तर कोणत्या महिन्यात, हे आधी विचारावे लागते.

संध्याकाळच्या जागा मी बऱ्याच पाहिल्या आणि प्रत्येक ठिकाणी तुमच्या नजरेने पाहिले. बसायला पाठ असलेला बाक आहे का, रिक्षा किती जवळ येते, आईच्या गुडघ्यांना पायऱ्या लागतील का, हे प्रश्न आधी आणि सूर्य नंतर, असाच माझा क्रम होता. वाशीचे सागर विहार आणि जवळचे मिनी सी शोअर ही दोन्ही खाडीकाठची ठिकाणे आहेत. समोर पश्चिमेला मोकळे पाणी आहे आणि काठाने चालायला चांगली वाट आहे. परंतु शनिवार-रविवारी तिथे इतकी गर्दी होते की दोन माणसांना शेजारी शेजारी बसायला जागा मिळत नाही. पारसिकच्या डोंगरावर बेलापूरच्या बाजूने गाडीरस्ता जातो. वरून खाडी, पाम बीच रस्ता आणि खालची सगळी वस्ती एका नजरेत येते, आणि उंचीमुळे खालच्या काठापेक्षा सूर्य थोडा अधिक वेळ सोबत राहतो. तिथे तुम्हाला एकदा नक्की नेईन, पण बाबांना रोज जाता येईल अशी ती जागा नाही. खारघरच्या डोंगरावर पहाटे चालायला जाणारी मंडळी पुष्कळ आहेत. मीही एकदा अंधारात चढून गेले, तर नेमके ढग दाटून आले आणि तासभर बसून तशीच खाली आले. ती चढण तुमच्यासाठी नाही, म्हणून तिचा विचार सोडला. खारघर डोंगररांगेच्या पूर्वेला वसलेले असल्यामुळे तिथल्या सपाटीवरूनही, माथेरानच्या बाजूला, सूर्योदय मोकळा दिसतो, एवढे मात्र लक्षात ठेवले आहे.

सारसोळ्याच्या जेट्टीबद्दल मला जास्त लिहावेसे वाटते. पाम बीच रस्त्यावरून तिवरांच्या दाट झाडीतून एक वाट खाडीकडे जाते आणि तिच्या टोकाला सारसोळे गावच्या कोळ्यांच्या होड्या लागतात. हे शहर वसवायला सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, पण ही गावे आणि त्यांचा खाडीशी असलेला व्यवहार त्याच्या कितीतरी आधीचा आहे. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यातही संध्याकाळी असेच वाटते. एका संध्याकाळी जेट्टीवर जाळे आवरत बसलेल्या एका आजोबांना मी विचारले, की काही दिवशी इथे काठापर्यंत पाणी असते आणि काही दिवशी नुसता चिखल, हे आधी कसे कळावे? त्यांनी हातातले काम न थांबवता सांगितले, "तिथीला पाऊणपट कर." आई, हा हिशेब तुझ्या फार उपयोगाचा आहे, कारण तिथी तुला कॅलेंडर न पाहताही ठाऊक असतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ठोकळ वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे सूर्य मावळताना ओहोटी आणि उघडा चिखल. खाडीत आतवर पाणी यायला त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे लहान, तरीही सप्तमी ते दशमी या तिथींना सूर्यास्ताच्या वेळी पाणी असतेच असते, आणि पाणी असले की सूर्य एकाचे दोन होतात. मी हा हिशेब चार महिने वहीत लिहून पडताळून पाहिला आहे आणि तो मला दर वेळी कामाला आला आहे.

तरीही तुमच्यासाठी मी जी जागा निवडली आहे ती आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, पाम बीच रस्त्याला लागून असलेली, ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या नावाने ओळखली जाणारी. मोठ्या तळ्याभोवती सपाट चालण्याची वाट आहे, बाक आहेत, आणि सकाळ-संध्याकाळ तुमच्या वयाची पुष्कळ मंडळी तिथे फिरत असतात. पश्चिमेच्या अंगाला बसले की तिवरांच्या वरून आकाश मोकळे होते. एकच सांगते की पाम बीचवर गाड्या फार वेगाने जातात, त्यामुळे तो रस्ता पायी ओलांडायचा नाही. रिक्षा आपल्याला दाराशी सोडील. तिवरांमुळे दिवेलागणीला डास येतात, म्हणून बाबांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा.

हिवाळ्यातल्या सूर्यास्ताबद्दल तुम्हाला आधीच सावध करते, म्हणजे पहिल्या दिवशी निराशा व्हायला नको. थंडीत जमिनीलगतची हवा गार राहते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते, त्यामुळे शहराचा धूर आणि धूळ खालीच अडकते. अशा दिवशी बिंब क्षितिजाला टेकण्याआधीच धुरकटात विरघळून जाते. स्वच्छ सूर्यास्त हवा असेल तर पाऊस सरल्यावरचे दिवस खरे, आणि पावसाळ्यातही मध्येच उघडीप पडली तर उंच ढगांवर जो रंग चढतो त्याला तोड नाही. पण हिवाळ्यात त्याच्या बदल्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, असतात. नोव्हेंबर-डिसेंबरपासून ते इथे येऊ लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर जातात. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीने चिखल बुडाला की सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळीत येऊन उभे राहतात. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये त्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आला. त्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून अंगात उतरतो, हे मी आईला फोनवर सांगितले तेव्हा तिला ते खरे वाटले नव्हते, म्हणून पुन्हा लिहिते. ते खरे आहे.

बाबा, तुमच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी दिलेला गडद चष्मा बरोबर आणा. सूर्य कितीही मवाळ दिसला तरी एकटक पाहायचे नाही आणि नातवाच्या दुर्बिणीतून तर मुळीच नाही. शेवटी बिंबाची खालची कड टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत, क्षितिज मोकळे असेल तर, सुमारे सव्वादोन मिनिटे लागतात. तेवढी मिनिटे मात्र मी तुमच्या शेजारी बसून घड्याळ लावणार आहे. क्षितिजाला टेकलेले जे बिंब आपण पाहतो ते खरे तर त्या क्षणी क्षितिजाखाली गेलेले असते, आणि हवेत किरण वाकतात म्हणून आपल्याला दिसत राहते. हे वाचल्यापासून ती मिनिटे मला फार मोलाची वाटतात.

आता राहिली सकाळ, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला. इतके फिरून शेवटी सूर्योदयाची जागा आमच्याच इमारतीत निघाली. आमच्या गच्चीला बारा महिने कुलूप असते, त्यामुळे ती कधी डोक्यातच आली नव्हती. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत येते आणि पुढे चौदा पायऱ्या आहेत, कठडा दोन्ही बाजूंना आहे. पूर्वेला पारसिकचा डोंगर पूर्ण दिसतो. कॅलेंडरातल्या वेळेनंतर दहा-बारा मिनिटांनी डोंगराच्या कडेवर आधी एक उजळ रेघ येते आणि मग बिंब एकदम वर येते, आपल्या सोलापूरच्या गच्चीवर येते तसे हळूहळू नव्हे. बाबांना हा उशीर आधी खटकेल. पण तो रोज नियमाने होतो आणि डोंगराच्या कोणत्या भागावर सूर्य आला त्यावरून महिना ओळखता येतो, हे पाहिल्यावर तुम्ही त्याचीही नोंद ठेवाल, याची मला खात्री आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून मी गच्चीची किल्ली सकाळी सहा ते आठ या वेळेसाठी मागून घेतली आहे. कारण विचारले तेव्हा वडिलांना अर्घ्य द्यायचे आहे, असे सांगितले. त्यांनी पुढे काही विचारले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संपल्याशिवाय तुम्ही सोलापूर सोडणार नाही हे मी जाणते, तेव्हा ती उरकून रथसप्तमीच्या दोन-तीन दिवस आधी इथे या. आई, अंगण नाही म्हणून मागच्या वर्षी तू इथल्या रथसप्तमीला नको म्हणालीस. या वर्षी गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून दूध उतू घाल. संक्रांतीच्या सुगडांपैकी एक बोळके राखून ठेव आणि चार गोवऱ्या कागदात बांधून आण, इथे त्या मिळायला फार हिंडावे लागते. त्याच दिवशी सप्तमी असल्याने सातची पाऊणपट सव्वापाच, खाडीत आणखी थोडा वेळ धरला तर साडेसहाला सूर्य मावळताना पाणी पुरते ओसरलेले नसेल. सकाळी गच्ची आणि संध्याकाळी जेट्टी, असा तो एक दिवस मी कार्यालयातून आजच रजा टाकून राखून ठेवला आहे.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसची दोन खालची बर्थ काढते, तुम्ही फक्त तारीख कळवा. कल्याणला उतरवून घ्यायला मी स्वतः येईन. तांब्या आणू नका, तुमच्या हातात बसेल असाच मी इथे घेऊन ठेवला आहे.

तुमची,
धाकटी