दिग्याला, कोहिमाहून

कोहिमा, २८ मे

प्रिय दिग्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, गुडघा तसाच.

लिहितोय ते सातोपायी. हो, तोच जपानी सेनापती कोतोकु सातो, ज्याच्यावरून आपण होस्टेलच्या गच्चीवर भांडलो आणि लेले सरांनी वरून पाण्याची बादली ओतली. आमची साइट फुत्सेरोच्या पुढे, जेसामीच्या अंगाला आहे. मार्च १९४४ मध्ये ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून त्याची ३१वी डिव्हिजन याच डोंगरांतून कोहिमावर चालून आली. प्रत्येकाच्या पाठीवर साधारण तीन आठवड्यांचं खाणं. त्याच्या वरच्या मुतागुचीसाहेबांचा हिशोब असा, की गुरं हाकत न्यायची, वाटेत कापून खायची आणि संपली की इंग्रजांची कोठारं आहेतच! बरीचशी गुरं नदीतच वाहून गेली, उरलेली या चढांवर. हे चढ मी रोज बघतो रे. आमचा पोकलेन इथे रडतो, तिथे बैलाची काय कथा.

आता माझं ऐक. पाऊस लवकर लागलाय. खालच्या वळणावर दरड आली, डंपर पलीकडेच अडकले. डिझेल संपत आलंय, तांदूळ आहे पण डाळ नाही, दोन पोरं तापाने फणफणलीत. आणि मोठ्या साहेबांचा रोज फोन: माल निघालाय, कट पुरा करा, लेबर खाली आणू नका. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. मुकादम तोंडावर काही बोलत नाही, पण संध्याकाळी माझ्यासमोर मुद्दाम रिकामं पिंप वाजवतो.

सातोला हेच ऐकवत होते. रसद येतेय, धीर धर. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यातल्या टेनिस कोर्टाच्या या टोकाला जपानी नि त्या टोकाला इंग्रज, मध्ये बॉम्बगोळे, आणि मागून तांदळाचा दाणा नाही. शेवटी त्याने कळवलं की एक जूनपर्यंत काही आलं नाही तर मी निघालो, आणि खरोखर निघाला. जपानी सैन्यात, हुकूम नसताना, अख्खी डिव्हिजन घेऊन! त्याला कोर्ट मार्शल हवं होतं, तिथे सगळं बोलता आलं असतं. ते टाळायला वरचे त्याला वेडा ठरवून मोकळे झाले.

तुझं तेव्हाचं म्हणणं मला पाठ आहे. आबा मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईतून मागे आले ते हुकूम आल्यावर. सातो आपल्या मनाने आला, म्हणून तो पळपुटा. आबांना मध्ये आणलंस की माझी बोलती बंद. पण आबा स्वतः काय सांगायचे आठव. डोंगरावर पाणी नाही, खाली कातळ म्हणून खंदक कमरेएवढासुद्धा नाही, आणि विमानातून टाकलेली पॅराशूटं पलीकडे जपान्यांच्या पदरात. "आमची बिस्किटं त्येच खायचे, आन् वर आमालाच गोळ्या!" ४/५ मराठा पलटणीची ती पोरं २२ ते २६ मार्च तिथे टिकली. आबांनी जपान्यांना कधी शिवी दिली नाही. भुकेलं माणूस ओळखू येतं म्हणायचे.

तू समुद्रावरचा माणूस, तुझं सगळं मिडवेच्या आरमारी लढाईपाशी सुरू होतं नि तिथेच संपतं. अकागी, कागा, सोर्यू, हिर्यू. पण तिथेही रोग तोच, गड्या. जपानच्या या चार विमानवाहू नौका गेल्या, घरी विजय कळवला, जखमी खलाशी इस्पितळात वेगळे कोंडले. भूदल नि नौदल म्हणजे निव्वळ भाऊबंदकी, इतकी की भूदलाने रसदीसाठी स्वतःच्या पाणबुड्या बांधल्या! ग्वादलकनाल बेटावरच्या सैन्यासाठी विनाशिका अन्नाची पिंपं दोराने बांधून रात्री समुद्रात सोडायच्या, त्यातली किनाऱ्याला लागायची थोडी. गोळीपेक्षा उपासाने आणि तापानेच जास्त मेले तिथे. इकडे मुतागुचीच्या मोहिमेत ८५ हजारांतले तीसेक हजार मेले, तेही बहुतेक तसेच.

मला झोपू देत नाही ती गोष्ट वेगळीच. जूनच्या सुरुवातीला मुतागुची आणि त्याचा वरिष्ठ कावाबे समोरासमोर बसले. मोहीम बुडाली हे दोघांनाही ठाऊक. मुतागुचीने नंतर सांगितलं की मला बोलवेना, माझ्या तोंडावरून त्यांनी ओळखावं असं वाटत होतं. कावाबेने विचारलं नाही, कारण हा बोलला नाही. मोहीम थांबायला जुलै उजाडला. तोवर वाटेवर माणसं पडतच होती.

परवा साहेबांनी विचारलं, "सगळं ठीक ना?" मी "हो, चाललंय" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर घाम फुटला.

हसू नकोस. माझी मूठभर पोरं कुठे नि त्याची डिव्हिजन कुठे, मला कोणी गोळ्या घालणार नाही, फार तर बिल अडकवतील. पण मी सोमवारी सगळ्यांना खाली आणतोय. साहेबांना आधी लेखी कळवतो, तारखेसकट. रेंज चिझामीला येते, तिथूनच पाठवीन. तुझं उत्तर येईपर्यंत थांबणार नाही, तरी भांडायचं असेल तर भांड. घरी हे बोललो तर सुमन म्हणेल, "तुमचा तो जपानी पुरे आता."

पूर्वाचं जमलं ते कळलं, पोरगा बरा वाटला फोटोत. वहिनींचं मोतीबिंदूचं उरकलं का? चाळीचा हिस्सा विकू नकोस, मी आल्यावर बोलू. आणि जहाजांच्या चित्रांचा माझा तो अल्बम तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस, नितीनने बघितलाय.

तुझा,
विन्या