गाडी स्वस्त झाली, गिअरबॉक्स नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पानावरची गाड्यांची परीक्षणं मी नेमाने वाचतो. अश्वशक्ती, शून्य ते शंभरला लागणारे सेकंद, एक्स-शोरूम किंमत असं सगळं त्यात असतं. पाचव्या किंवा दहाव्या वर्षी त्या गाडीला काय लागतं, हे मात्र कधी वाचायला मिळत नाही. स्पोर्टी गाडीच्या बाबतीत ही माहिती नसणं फार महागात पडतं. आणि हल्ली ते ज्यांना महागात पडतंय ती बहुतेक नुकती नोकरीला लागलेली मुलं आहेत, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे २००३ ची फियाट पालिओ आहे, १.६ लिटर इंजिनाची. २००१ साली पालिओ आपल्याकडे आली तेव्हा सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता आणि एवढ्याशा गाडीत शंभर अश्वशक्ती हे मोठं अप्रूप होतं. तेव्हा मला ती परवडली नाही. २००९ मध्ये साताऱ्यातल्याच एका डॉक्टरांकडून १ लाख ४० हजारांना घेतली.

तिने काय दिलं ते आधी सांगतो. महिन्यातून एका रविवारी पहाटे साडेपाचला मी वाईहून पसरणी घाट चढतो. एसटी आणि पर्यटकांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत वर पोचायचं. काचा खाली. वेग चाळीस-पन्नास, सरळ पट्ट्यात साठ. तिसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरायचं, नाक आत वळलं की पाय हळूहळू दाबायचा, आणि इंजिन जराही कुरकुर न करता गाडी वर ओढून नेतं. पुढचं चाक बारीक खडीवर गेलं तर ते डोळ्यांआधी तळहातांना कळतं. एका बाजूला धोमचं पाणी हळूहळू उजळत असतं. माझी मुलगी ह्याच घाटात, ह्याच गाडीवर हाफ क्लच शिकली. आज ती पुण्यात स्वतःची ऑटोमॅटिक चालवते, पण घरी आली की आधी पालिओची किल्ली मागते.

हायवेवर १४० ला काटा नेणं म्हणजे स्पोर्टी गाडीचं सुख असं ज्यांना वाटतं, त्यांना मी कळकळीने सांगतो की तेवढा वेग आजच्या बहुतेक साध्या गाड्याही गाठतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मर्यादा शंभरची आहे आणि ती योग्यच आहे. ह्या गाड्यांचं सुख वळणात आहे, ब्रेकच्या नेमकेपणात आहे, आणि ते कायदा न मोडता मिळतं.

आता खर्च. पहिल्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. पेट्रोल आणि विमा सोडून गेल्या दिवाळीपर्यंत ह्या गाडीवर ५ लाख ८६ हजार रुपये गेले, म्हणजे घेतल्या किमतीच्या चौपटीहून जास्त. घाटात ती लिटरला आठ-नऊ किलोमीटर देते. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणारा पट्टा, मी दर चार वर्षांनी बदलतो, तो दिसायला धडधाकट असला तरी. कारण असल्या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उघडावा लागतो. इंजिन १५९६ सीसीचं आहे. थर्ड पार्टी विम्याचे दर जून २०२२ मध्ये ठरले, त्यात १००० ते १५०० सीसीच्या गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७, वर जीएसटी. वरच्या ९६ सीसीसाठी दुपटीहून जास्त. नोंदणीचं नूतनीकरण २०१८ मध्ये ६०० रुपयांत झालं, २०२३ मध्ये ५,००० लागले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० आहेत, तेव्हा २०२८ ची तजवीज आत्तापासून करतो आहे.

कंपनी आता आपल्याकडे स्वतःच्या नावाने गाड्या विकत नाही, त्यामुळे पार्टसाठी मी कुर्ल्याला जातो. सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या दुकानांत दिवसभर फिरलं की कधी डोअर लॉक मिळतं, कधी काहीच नाही. पद्मिनी जिथे बनायची त्या कुर्ल्याच्याच कारखान्यात ही गाडी बनली होती. हातात एखादा पार्ट घेऊन तिथून परतताना मला दर वेळी भरून येतं.

माझी गाडी तरी साधी आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने बारा वर्षं जुनी जर्मन सेडान सात लाखांना घेतली. नवी असताना ती चाळीस लाखांची होती. चार महिन्यांत गिअरबॉक्स गेला आणि अडीच लाखांचं एस्टिमेट हातात आलं. गाडी सात लाखांची झाली होती, गिअरबॉक्स चाळीस लाखांच्या गाडीचाच राहिला होता. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही, आणि त्याची मला खंत आहे. त्याआधी त्याने तीस हजार मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर घातले होते. टायर मात्र जुनेच. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. त्याच्या टायरवर ३५१५ होतं, म्हणजे २०१५ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक होती, रबर दगडासारखं झालं होतं. जुलैच्या पावसात खंबाटकी घाटात मागची बाजू घसरली आणि गाडी कठड्याला घासून थांबली. शेजारी त्याची आई बसली होती. कोणाला लागलं नाही.

मला विचारायला येणाऱ्या मुलांना आता मी सांगतो, जेवढ्याला गाडी घेताय त्याच्या निम्मे पैसे बाजूला ठेवा. नसतील तर हलकी, साधी, हातगिअरची गाडी घ्या, तीही घाटात तितकंच सुख देईल. पहिला खर्च टायर आणि ब्रेकवर. रीमॅपच्या, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याच्या, नादी लागू नका. मूळ नोंदीपेक्षा गाडीत फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येऊ शकतं, आणि विमा कंपनीपासून ते लपवलं तर क्लेमच्या वेळी हात वर होतात.

आपल्याला विनंती एवढीच, की प्रत्येक परीक्षणाखाली एक छोटी चौकट द्यावी: चार टायरची किंमत, ब्रेक पॅड आणि डिस्कचा संच, बेल्ट किंवा गिअरबॉक्स ऑइल कधी बदलायचं आणि त्याला किती लागतात, वर्षाचा विमा. जुन्या गाड्यांच्या लेखांत तर ती हवीच. सुरुवातीला उपयोगी पडेल म्हणून माझ्या वहीची झेरॉक्स ह्या पत्रासोबत जोडली आहे. क्लचचं पान थोडं तेलकट आहे, पण आकडे वाचता येतात.

– एक वाचक, शाहूपुरी, सातारा