एक मीटर कुठून मोजायचा?

महोदय,

पदपथावर पेव्हर ब्लॉक बसवताना झाडांच्या बुंध्याशी थोडी माती उघडी ठेवायला लागले, हे चांगलेच झाले. पण वर्तकनगरात आमच्या रस्त्यावर ठेकेदाराने गुलमोहरांना जी गोल आळी केली आहेत, त्यांत एक मीटर हा आख्ख्या आळ्याचा व्यास धरला आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांसाठी दिलेल्या आदेशात बुंध्यापासून एक मीटरच्या आतले काँक्रीट काढायला सांगितले होते.

वागळे इस्टेटमध्ये लेथवर आयुष्य गेलेले, त्यामुळे राहवले नाही; टेप घेऊन खाली उतरलो. बुंध्याचा घेर भरला १५७ सेंटिमीटर. ३.१४ने भागले की व्यास ५०. आळ्याचा व्यास मोजायचा तर मध्ये झाड, टेप आरपार जाणार कसा? तुटकी पुली आली की आम्ही करायचो तेच केले. आळ्याच्या कडेवर दोन खुणा करून दोरी ताणली. ही झाली जीवा, ८० सेंटिमीटर. तिच्या मध्यावर गुण्या (काटकोनी पट्टी) लावून आळ्याच्या कडेपर्यंत मोजले, २० भरले. निम्म्या जीवेचा वर्ग १६००, भागिले २० म्हणजे ८०, त्यात तेच २० मिळवले. व्यास १००, अगदी चोख. मुकादम म्हणतो, "काका, मीटर सोडलाय की!" सोडलाय खरा, पण त्यातला अर्धा झाडानेच व्यापला. सालीपासून उरली जेमतेम २५ सेंटिमीटरची कडी.

सालीपासून चहूकडे मीटर सोडला असता तर आळ्याचा व्यास अडीच मीटर झाला असता आणि सुमारे ४.७ चौरस मीटर माती उघडी राहिली असती. आज आहे ०.५९. म्हणजे आठवा हिस्सा! क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढते, हे बिल मंजूर करणाऱ्या इंजिनीअरसाहेबांना मी सांगायचे का?

पदपथ अरुंद असेल तिथे रस्त्याकडचा वर्तुळखंड कमी करावा लागेल, हे कळते. बाकीचे वर्तुळ तरी हातचे का घालवायचे?

कामाच्या आदेशात नुसते 'एक मीटर' न लिहिता 'सालीपासून, सर्व बाजूंनी' असे लिहावे. आखणीला मीटरभर पट्टी आणि खडू पुरतो. पट्टी मात्र केंद्राच्या रोखाने धरायची. तिरकी झाली की माप मारले जाते. कोपऱ्यावरच्या झाडांचे काम अजून व्हायचे आहे. तिथे तरी आधी खडू फिरवावा, मग ब्लॉक उतरवावेत.

– एक निवृत्त टर्नर, वर्तकनगर, ठाणे (प.)