नाईलवरची बोट

फोंडा, रविवार

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

तू जाताना उशाशी ठेवून गेलेलं 'डेथ ऑन द नाईल' काल रात्री वाचून संपवलं. पाऊस कोसळत होता, दोनदा वीज गेली, शेवटची पानं मेणबत्तीपाशी बसून वाचली. खुनी काही मला ओळखता आला नाही. म्हणून आज सकाळी उंडे-भाजी उरकून पुन्हा पहिल्या पानापासून बसले, तर सगळं डोळ्यांसमोरच होतं गं! अगाथा ख्रिस्तीबाईंनी उघड्यावर मांडून ठेवलेलं, आणि मी आपली अस्वान आणि नदीचा काठ बघण्यात गुंग.

ही गोष्ट प्रवासातच घडू शकते, असं मला फार वाटलं. आपल्या वाड्यावर नवी मुलगी दिसली की पहिला प्रश्न, "तू कोणाची गो?" आजोबांपर्यंत ओळख निघाल्याशिवाय कोणी सोडत नाही. त्या कर्नाक बोटीवर कुणाला कुणाचे आजोबा ठाऊक नाहीत. जो स्वतःला जसं सांगेल, तसा तो. मग तो गुप्तहेर प्वारो आपल्या म्हाताऱ्या माणसांचंच काम करतो. कोणाचा जीव कोणावर, पैसा कोणाचा, कोण कोणावर डूख धरून आहे, हे शांतपणे विचारत बसतो. मला तो त्यासाठी आवडला.

अबू सिंबेलच्या जुन्या देवळापाशी वरून धोंडा गडगडत येतो तिथे माझा श्वास अडकला. पुस्तक १९३७ चं. पुढे अस्वानच्या मोठ्या धरणाचं पाणी तिथे चढणार म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये ते देऊळ कापून, वर नेऊन पुन्हा उभारलं. म्हणजे बोट लागली तो काठ आता सरोवराच्या तळाशी. मला आपली कुर्डीच आठवली. साळावलीच्या धरणात गाव गेला, महादेवाचं देऊळ तेवढं सोडवून दुसरीकडे बांधलं. मे महिन्यात पाणी उतरल्यावर आपण गेलो होतो, तू एका घराच्या जोत्यावर कितीतरी वेळ उभी होतीस. तसं त्या काठावर आता कुणालाच उभं राहता यायचं नाही. पुस्तकात मात्र प्रवासी अजून तिथे उतरतात.

एका पानावर तू पेन्सिलीने बारीक फुली केली आहेस. तुला तिथेच संशय आला होता का? फोनवर सांगू नकोस. बाबांचं अजून अर्धंच झालंय आणि ते शेजारीच बसलेले असतात. पत्रानेच कळव.

तुझी,
आई